मिथेनपासून थेट इथिलीन: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

कामाचा हेतू आधी लिहून ठेवतो. नैसर्गिक वायूतल्या मिथेनपासून, मधे सिनगॅस (कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं मिश्रण) न बनवता, कारखान्यांना लागणारं एखादं रसायन एकाच टप्प्यात मिळवायचं आणि ते कोणत्या अटींवर जमेल हे आकड्यांनी दाखवायचं. रसायन कोणतं हे ठरायचंय. मिथेनॉल, इथिलीन आणि बेन्झीन हे तीन उमेदवार समोर आहेत.

सध्याचा रस्ता वळशाचा आहे. मिथेन आणि वाफ निकेलच्या उत्प्रेरकावरून ८०० ते ९०० अंश सेल्सियसला नेतात, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतो. या टप्प्याला दर मोलमागे २०६ किलोज्यूल उष्णता पुरवावी लागते. मग तांबे आणि जस्ताच्या उत्प्रेरकावर, ५० ते १०० बार दाबाखाली, त्याच दोन वायूंचं मिथेनॉल होतं आणि ९१ किलोज्यूल परत मिळतात. पण मिळतात त्या अडीचशे अंशांच्या आसपास. साडेआठशे अंशांच्या भट्टीला ती उष्णता देता येत नाही, तिची फार तर वाफ करता येते. खरी नासाडी इथे आहे. याउलट मिथेनला अर्धा रेणू ऑक्सिजन देऊन सरळ मिथेनॉल केलं, तर कागदावर १२६ किलोज्यूल बाहेर पडतात आणि भट्टीची गरजच उरत नाही.

वळसा मोठ्या प्रमाणावर उत्तम चालतो, हेही मान्य करायला हवं. कतारमधल्या रास लफानचा पर्ल प्रकल्प सिनगॅसच्या वाटेने रोज १,४०,००० बॅरल द्रव उत्पादनं काढू शकतो. पण त्यामागे वायूचं अवाढव्य क्षेत्र आणि अब्जावधी डॉलर लागतात. लहान विहिरीवर तेलाबरोबर येणारा वायू तिथेच जाळून टाकतात. जगभरात असा जाळला जाणारा वायू अलीकडे वर्षाला १५० अब्ज घनमीटरच्या घरात आहे. तो द्रवरूप करून न्यायचा तर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. एवढा कार्बन नुसता हवेत जातो हे मला बघवत नाही, म्हणून हा प्रकल्प.

१० फेब्रुवारी

मिथेन तुटत नाही म्हणून हे काम अवघड आहे, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पहिला कार्बन-हायड्रोजन बंध ४३९ किलोज्यूलचा, रेणू चारही बाजूंनी सारखा, धरायला कुठे टोक नाही. हे खरं आहे, पण अडचण त्याच्या पुढे आहे. मिथेनॉलमधला तोच बंध साधारण ४०० किलोज्यूलचा असतो. म्हणजे मिथेन तोडण्याइतकं जालीम जे काही आपण भांड्यात घालू, ते तयार झालेल्या मिथेनॉलवर आधी तुटून पडणार.

याचं साधं गणित मांडलं. मिथेनपासून माल होतो हा पहिला टप्पा, मालापासून कार्बन डायऑक्साइड होतो हा दुसरा, आणि दोन्ही प्रथम श्रेणीचे, म्हणजे वेग त्या त्या पदार्थाच्या प्रमाणात. दुसऱ्या टप्प्याचा वेग-स्थिरांक पहिल्याच्या किती पट, या एका गुणोत्तरावर सगळं ठरतं. गुणोत्तर १ असेल तर एका फेरीत जास्तीत जास्त ३७ टक्के उतारा मिळतो, म्हणजे आत गेलेल्या मिथेनपैकी तेवढ्याचा माल हाती येतो. २ असेल तर २५ टक्के. १० असेल तर उतारा ७.७ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही; त्या सर्वात अनुकूल क्षणी २२.६ टक्के मिथेन खर्ची पडलेलं असतं आणि त्यातला दोन तृतीयांश जळालेला असतो. उलट गुणोत्तर ०.१ असेल तर उतारा ७७ टक्क्यांवर जातो.

यातली गोम अशी की पहिल्या टप्प्याचा वेग वाढवताना दुसराही तेवढाच वाढला, तर उतारा तसूभरही हलत नाही. माल लवकर तयार होतो आणि लवकर जळतो, एवढंच. त्यामुळे ‘आमचा उत्प्रेरक जास्त क्रियाशील’ हा दावा या क्षेत्रात एकटा काही सांगत नाही. प्रत्येक मार्गाला मी एकच प्रश्न विचारणार आहे: तयार झालेला माल वाचतो कशामुळे?

१७ फेब्रुवारी

मिथेनचं थेट रूपांतर कारखान्यात होतच नाही, असं बैठकीत कुणीतरी म्हणालं. होतं, आणि जुन्या काळापासून होतं. प्रश्न तोच लावून पाहिला.

हायड्रोजन सायनाइड: आंद्रुसोव्ह प्रक्रियेत मिथेन, अमोनिया आणि हवा प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळीवरून हजार अंशांच्या वर पार होतात. वायू जाळीजवळ जेमतेम मिलिसेकंदभर असतो आणि लगेच थंड केला जातो. माल वाचतो तो वेगामुळे.

ॲसिटिलीन: जर्मनीत हुल्सच्या कारखान्यात १९४० पासून विजेच्या ज्योतीतून ते काढत. दोन मिथेनमागे ३७६ किलोज्यूल लागतात आणि तापमान १५०० अंशांच्या पुढे. इतक्या तापमानाला ॲसिटिलीन मिथेनपेक्षा टिकाऊ ठरतं, पण काजळी आणि हायड्रोजन त्याहूनही टिकाऊ. म्हणून ज्योतीतून बाहेर येताच पाण्याचा किंवा तेलाचा फवारा. इथेही वेगच.

कार्बन डायसल्फाइड: यात ऑक्सिजनच्या जागी गंधक. ६०० अंशांच्या आसपास मिथेन आणि गंधकाची वाफ एकत्र आणली की माल मिळतो आणि सोबत हायड्रोजन सल्फाइड. गंधक ऑक्सिजनपेक्षा सौम्य, म्हणून गोष्ट शेवटाला जात नाही. हायड्रोजन सल्फाइडचं पुन्हा गंधक करायचा वेगळा विभाग मात्र उभारावा लागतो.

म्हणजे वेग किंवा सौम्यता. तिसरा मार्ग मालाला झाकून ठेवण्याचा. तो पुढच्या नोंदीत.

२४ फेब्रुवारी

मिथेनॉलच्या वाटा तपासल्या. झाकण्याचं उत्तम उदाहरण रॉय पेरियाना आणि सहकाऱ्यांचं आहे. १९९८ साली त्यांनी प्लॅटिनमचं एक संयुग तीव्र गंधकाम्लात विरघळवून २२० अंशांना मिथेनपासून मिथाइल बायसल्फेट केलं. एका फेरीत ७० टक्क्यांहून जास्त उतारा. मिथाइलला चिकटलेला सल्फेटचा गट इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे उरलेल्या बंधांवर पुढचा हल्ला मंदावतो. १० तारखेच्या गणितातलं ०.१ चं गुणोत्तर प्रत्यक्षात कसं दिसतं, ते हे. पण मिथेनॉल हवं तर पाणी घालून ते सोडवावं लागतं, पाण्याने आम्ल सौम्य होतं, आणि सौम्य आम्लात उत्प्रेरक मंदावतो. आम्ल पुन्हा तीव्र करण्याचा खर्च सगळा फायदा खाऊन टाकतो.

तांब्याच्या झिओलाइटची (सूक्ष्म छिद्रांचा स्फटिकी पदार्थ) वाट मला आवडते. छिद्रांमधली तांबे-ऑक्सिजनची केंद्रं २०० अंशांच्या आसपास मिथेन धरतात, ते पृष्ठभागावर बांधलेल्या मेथॉक्सीच्या (ऑक्सिजनला जोडलेल्या मिथाइलच्या) रूपात राहतं आणि वाफ दिली की मिथेनॉल होऊन सुटतं. बांधलेलं असेपर्यंत ते जळत नाही. पण हिशेब पाहा. चांगल्या नमुन्यात एका चक्रात ग्रॅममागे शंभरेक मायक्रोमोल धरू. म्हणजे ३.२ मिलिग्रॅम. एका चक्रात एक किलो मिथेनॉल काढायला ३०० किलोहून जास्त झिओलाइट, आणि चक्र तासांच्या हिशेबात.

मिथेन खाणारे जिवाणू हेच काम साध्या तापमानाला करतात. त्यांच्या विकरात लोहाचं किंवा तांब्याचं केंद्र असतं. पण प्रत्येक रेणूमागे पेशी आपली साठवलेली ऊर्जा खर्च करते आणि मिथेनॉलही पुढे स्वतःसाठीच वापरते. प्रयोगशाळेत शिकण्यासारखं खूप, या प्रकल्पाच्या आवाक्यात नाही.

५ मार्च

बेन्झीनवर थोडक्यात. १९९३ साली चीनमधल्या दालियनच्या गटाने मॉलिब्डेनम आणि झेडएसएम-५ झिओलाइटवर ऑक्सिजनशिवाय ७०० अंशांना मिथेनपासून बेन्झीन काढलं. जळण्याचा प्रश्न मिटला, पण समतोलामुळे मिथेनचं रूपांतरच १२ टक्क्यांच्या आसपास अडतं, आणि छिद्रं कार्बनने बुजतात. दर काही तासांनी उत्प्रेरक जाळून साफ करायचा. सोडून दिलं.

इथिलीनवर एकमत झालं. १९८२ मध्ये युनियन कार्बाइडच्या केलर आणि भसीन यांनी ऑक्सिजनच्या साहाय्याने मिथेनच्या जोड्या लावता येतात हे दाखवलं, तेव्हापासूनचा हा मार्ग. दोन मिथेन, एक ऑक्सिजन, त्यातून एक इथिलीन आणि दोन पाणी. २८१ किलोज्यूल बाहेर. उत्प्रेरकाचा पृष्ठभाग मिथेनचा एक हायड्रोजन काढून घेतो, मिथाइल रॅडिकल (एक बंध मोकळा राहिलेले तुकडे) वायूत सुटतात, दोन भेटले की ईथेन आणि ईथेनमधून हायड्रोजन गेला की इथिलीन. जोडी पृष्ठभागापासून दूर, वायूत जमते, म्हणून नुसत्या उत्प्रेरकावर या अभिक्रियेचा ताबा नसतो. शेकडो उत्प्रेरक तपासूनही एका फेरीचा उतारा २५ ते ३० टक्क्यांच्या पुढे फारसा का सरकला नाही, याचं मोठं कारण हेच असावं.

१९ मार्च

उत्प्रेरक तयार केला: मँगनीज आणि सोडियम टंगस्टेट, सिलिकाच्या आधारावर. लिथियम-मॅग्नेशियाचा (मॅग्नेशिया म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड) विचार झाला होता, पण कामाच्या तापमानाला त्यातलं लिथियम उडून जातं. आपल्याला टिकणारा हवा.

कृती सोपी आहे. सिलिका जेल मँगनीज नायट्रेटच्या द्रावणात भिजवून सुकवलं, मग सोडियम टंगस्टेटच्या द्रावणात, पुन्हा सुकवून ८५० अंशांना भाजलं. वजनाने मँगनीज २ टक्के, टंगस्टेट ५ टक्के. भाजताना सोडियममुळे अस्फटिक सिलिकाचं क्रिस्टोबलाइट हे स्फटिकी रूप होतं. पृष्ठफळ पार कोसळतं, आणि या कामासाठी ते चांगलंच आहे, कारण रॅडिकल जिथे आदळून जळतील अशी जागा कमी होते.

सोडियम टंगस्टेट ६९८ अंशांना वितळतं. अभिक्रिया ८०० च्या आसपास चालते. म्हणजे कामावर असताना हा उत्प्रेरक ओला असतो. घन आधारावर वितळलेल्या क्षाराचा पातळ थर, आणि त्यात मँगनीज. थंड झालेल्या नमुन्याचा क्ष-किरण आलेख पाहून त्याच्या वागण्याबद्दल फार ठामपणे बोलू नये, असं माझं मत या एका गोष्टीमुळे झालं आहे.

२ एप्रिल

संच उभा राहिला. क्वार्ट्झची नळी, भोवती विद्युत भट्टी, उत्प्रेरकाच्या थराच्या मधोमध तापमान मोजणारं थर्मोकपल, पुढे पाणी गोळा करायला बर्फातला सापळा आणि मग वायूतले घटक वेगळे करून मोजणारा गॅस क्रोमॅटोग्राफ.

मिश्रणाचे नियम भिंतीवर लावले. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर स्फोट होऊ शकतो. शुद्ध ऑक्सिजनमध्ये वरची मर्यादा ६० टक्क्यांच्या आसपास जाते आणि तापमान वाढलं की आणखी वर. आम्ही चार भाग मिथेनला एक भाग ऑक्सिजन घेतो, म्हणजे मिथेन ८० टक्के, मर्यादेच्या वर. पण सुरू करताना आणि बंद करताना मिश्रण त्या पट्ट्यातून जाऊ शकतं. म्हणून सुरुवातीला आधी नायट्रोजन, मग मिथेन, ऑक्सिजन सर्वात शेवटी. बंद करताना ऑक्सिजन सर्वात आधी. याला अपवाद नाही, कितीही घाई असली तरी.

उत्प्रेरकाशिवाय, नुसत्या क्वार्ट्झच्या तुकड्यांवर एक फेरी घेतली. ८०० अंशांना रिकामी नळीही थोडं मिथेन फोडते. ही संख्या हाताशी नसेल तर पुढे उत्प्रेरकाच्या नावावर किती टाकायचं ते कळत नाही.

११ एप्रिल

आज उत्प्रेरक पेटला. ‘पेटला’ हाच शब्द बरोबर आहे. भट्टी हळूहळू वर नेत होतो, आलेखावर काही नव्हतं, आणि मग थराचं तापमान भट्टीला मागे टाकून एकदम वर गेलं. त्यानंतर भट्टीचं तापमान बरंच खाली आणलं तरी अभिक्रिया विझली नाही. थर स्वतःच्या उष्णतेवर चालत राहिला. जिथे पेटतो त्यापेक्षा बऱ्याच खालच्या तापमानाला विझतो.

कारण आकड्यांत उघड आहे. १०० मोल मिथेन आत सोडलं, २० मोल खर्ची पडलं, त्यातलं १६ इथिलीनकडे आणि ४ कार्बन डायऑक्साइडकडे गेलं असं समजू. १६ मोलपासून ८ मोल इथिलीन, त्याचे सुमारे २,२५० किलोज्यूल. ४ मोल पूर्ण जळालं, मोलमागे ८०२ प्रमाणे सुमारे ३,२०० किलोज्यूल. मालाच्या चौथ्या हिश्श्याएवढा कार्बन वाया गेला आणि निम्म्याहून जास्त उष्णता त्यानेच ओतली. निवडकता (खर्ची पडलेल्या मिथेनपैकी मालाकडे गेलेला हिस्सा) जरा घसरली की उष्णता वाढते, तापमान वाढतं, निवडकता आणखी घसरते. तेव्हा ८० टक्के निवडकता या आकड्यावर खूश होण्याआधी उरलेल्या २० टक्क्यांची उष्णता कुठे जाणार ते विचारायचं.

हीच उष्णता मित्रही होऊ शकते. ढोबळ हिशेबाने ती आत येणाऱ्या थंड वायूला साताठशे अंशांनी तापवायला पुरते. म्हणजे मोठ्या संचात भट्टी नकोच. वायू थंड आत घ्यायचा आणि थर पेटता ठेवायचा.

२५ एप्रिल

कार्बनचा ताळेबंद जुळवण्यात दिवस गेले. पाणी सापळ्यात गेल्याने वायूचं आकारमान बदलतं, म्हणून आत मोजून थोडा नायट्रोजन सोडतो आणि बाहेरच्या प्रत्येक घटकाचं प्रमाण त्याच्याशी लावतो. आत गेलेला कार्बन आणि बाहेर आलेला कार्बन जुळल्याशिवाय त्या दिवसाची निवडकता वहीत चढवायची नाही, असं ठरलं.

नळी बाहेर काढली तेव्हा थराच्या उंचीवर तिचा पारदर्शकपणा गेलेला, दुधी खरखरीत पट्टा पडलेला. वितळलेल्या क्षारातलं सोडियम क्वार्ट्झलाही स्फटिक करतं. बोट लावलं तर पापुद्रा सुटतो. थर आणि नळी यांच्यामध्ये अल्युमिनाचं अस्तर घालतो आहोत.

९ मे

आज रिॲक्टर सोडून पुढचं पाहिलं. ११ एप्रिलचंच उदाहरण: बाहेर ८० मोल मिथेन, ८ इथिलीन, ४ कार्बन डायऑक्साइड, २४ पाणी. पाणी काढलं की ९२ मोल उरतात, त्यात इथिलीन जेमतेम ८.७ टक्के. आधी कार्बन डायऑक्साइड धुऊन काढायचा, नाहीतर तो थंड भागात गोठून बसतो. मग उणे १०४ ला उकळणारं इथिलीन उणे १६१ ला उकळणाऱ्या दसपट मिथेनमधून वेगळं करायचं, आणि ते मिथेन परत आणून पुन्हा आत सोडायचं. शिवाय शुद्ध ऑक्सिजन हवा तर हवेचं विभाजन करणारा संच वेगळा.

म्हणजे सिनगॅसचा वळसा टाळला, पण खर्च दोन्ही टोकांना जाऊन बसला. शोधनिबंधात रिॲक्टरचं एक चित्र आणि उताऱ्याचा एक आलेख असतो; पैसा त्या चित्राच्या डावी-उजवीकडे जातो. आमच्या अहवालात ही दोन्ही टोकं आधी येतील.

२३ मे

उष्णतेचा उपयोग. थरातून बाहेर येणारा वायू साडेआठशे अंशांचा आहे, त्यात ऑक्सिजन उरलेला नाही. त्याच्यात थराच्या खाली ईथेन सोडलं तर? ईथेनचं इथिलीन व्हायला १३७ किलोज्यूल लागतात. आमच्या ११६ मोल बाहेरच्या वायूला शंभर अंश थंड केलं तर सुमारे ८०० किलोज्यूल मिळतात, म्हणजे आधीच तापवून आणलेल्या पाच-सहा मोल ईथेनला पुरतील एवढे. आठचे तेरा-चौदा मोल इथिलीन होतात, वेगळं करण्याचा भार फारसा न वाढता. नैसर्गिक वायूत ईथेन बहुधा असतंच. सिल्युरिया या कंपनीनेही टेक्सासमधल्या आपल्या प्रात्यक्षिक संचात हीच जोड वापरली होती. कल्पना आमची नाही, पण आकडे आम्ही स्वतः काढून पाहिले आणि ते पटले.

नळीत खालून बारीक फाटा घेतला. इथिलीनचं शिखर लगेच उंचावलं.

१३ जून

या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ ज्यावर गेला ते: ऑक्सिजन वायूरूपात द्यायचाच नाही. मँगनीजच्या ऑक्साइडमध्ये बांधलेला ऑक्सिजन मिथेनला द्यायचा, रिकामा झालेला घन पदार्थ दुसऱ्या भांड्यात नेऊन हवेने भरून घ्यायचा, परत आणायचा. केलर आणि भसीन यांनीही आपल्या प्रयोगांत मिथेन आणि ऑक्सिजन आळीपाळीनेच सोडले होते. यात मिथेन आणि वायूरूप ऑक्सिजन एकत्र येत नाहीत, त्यामुळे वायूतलं जळणं घटतं, स्फोटाचा पट्टा टळतो आणि साध्या हवेवर भागतं. ९ मेच्या नोंदीतला हवेच्या विभाजनाचा संच गेला.

उष्णतेचा हिशेब केला आणि तिथेच माझं मत बनलं. शुद्ध मँगनीज ऑक्साइड धरून, तीन संयुजेचं मँगनीज दोनपर्यंत खाली आलं तर ऑक्सिजनच्या एका रेणूमागे ३७८ किलोज्यूल शोषले जातात. इथिलीन होताना २८१ सुटतात. म्हणजे मिथेनच्या भांड्यात मिळून ९७ किलोज्यूल उलट लागतात. मँगनीज मधल्या ऑक्साइडवर थांबलं तर २०२ शोषले जातात आणि ७९ सुटतात. दोन्ही बाजूंना आकडा शून्याच्या जवळ. उष्णता बहुतेक सगळी हवेच्या भांड्यात सुटते, जिथे जाळायला मिथेनही नाही आणि मालही नाही. ११ एप्रिलला जो थर स्वतःहून वर पळत होता त्याला इथे पळायला कारणच उरत नाही.

किंमत घन पदार्थाच्या वजनात मोजावी लागते. दोनपर्यंत पूर्ण खाली आणलं तरी ऑक्साइड वजनाच्या १० टक्के ऑक्सिजन देतं. निवडकता शंभर टक्के धरली तरी एक किलो इथिलीनला १.१४ किलो ऑक्सिजन, म्हणजे ११ किलोंवर ऑक्साइड. प्रत्यक्षात चौथा हिस्सा वापरात आला तर ४५ किलो. हे साडेआठशे अंशांना दोन भांड्यांत फिरवायचं, आणि कण घासून झिजू द्यायचे नाहीत. तेलशुद्धीकरणातले फिरत्या उत्प्रेरकाचे क्रॅकर याहून मोठी राशी रोज फिरवतात, त्यामुळे हे मला अशक्य वाटत नाही. ओला क्षार कणांना एकमेकांना चिकटवेल ही भीती मात्र खरी आहे.

२७ जून

पुढच्या सहामाहीचा आराखडा दिला. अखंड ऑक्सिजन सोडायचा संच तुलनेसाठी चालू राहील. मुख्य काम आळीपाळीच्या पद्धतीवर, आधी एकाच नळीत वाल्व फिरवून, दोन भांडी नंतर. सोडियमचं प्रमाण कमी करत जाऊन कण कुठे चिकटायचे थांबतात आणि निवडकता कुठे पडायला लागते, ते पाहायचं. दोन्ही एकाच ठिकाणी होत असेल तर मँगनीज दुसऱ्या आधारावर न्यावं लागेल. मॅग्नेशियाचे नमुने भाजायला टाकले आहेत, सोमवारी निघतील.